यादीतल्या पाच आक्का

ये, अशी जवळ सरक. म्हणजे तू आहेस तिथं बंगळुरातच राहा, पण हे कागद हातात घे आणि तो मोबाइल पालथा घाल. तुझं एवढं एक मला कधी पटलेलं नाही बघ. आत्तीला फोन करायचा तो रस्त्यानं चालताना. मागं हॉर्न वाजतायत, मधेच तू टमाट्याचा भाव विचारतेस, कुणाला तरी "सरका जरा" म्हणतेस, आणि त्या गर्दीत मला विचारतेस, "आत्ती, बाबा पाटीवर लिहायला लागले म्हणे. तू काय केलंस गं?" असल्या गोष्टी टमाट्याच्या पिशवीत घालून सांगता येतात व्हय? मी "बरं बरं, मग बोलू" म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले नव्हते. म्हणजे थोडी रागावले होते. त्या रागातच ही वही काढली, तेव्हा रागही फुकट गेला नाही.

तर मी काय केलं? मी चूक केली. चांगले पाच दिवस, रोज एक, न चुकता. त्यातनं जे झालं ते झालं. पण ते कळायला तुला आधीचं सगळं ऐकायला लागेल.

तुझ्या बाबांना मी धाकटाच म्हणणार. तुझे बाबा झाले तरी माझा तो पाच वर्षांनी धाकटा भाऊ, आणि या वयात मी सवय बदलत नाही. धाकट्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव राहील, आवाज राहणार नाही. तू पंधरा दिवस होतीस तेव्हा तो दुखण्यातच होता, त्यामुळं त्याचं न बोलणं दुखण्यात खपून गेलं. खरं काय ते तू परत गेल्यावर दिसलं. दुखणं उतरलं, जेवणखाण सुरू झालं, सकाळचा पेपर सुरू झाला, आणि गप्प बसणं तेवढं मागं उरलं. तुझ्या आईनं बाजारातनं पाटी आणली, पेन्सिलींचा डबा आणला. त्यानं पाटी उलटसुलट बघितली आणि कपाटावर ठेवून दिली. सदुसष्ट वर्षांचा माणूस पहिलीत जाऊन बसणार नाही, असं ते ठेवणं होतं. मोबाइलवर लिही म्हटलं तर अक्षर दिसत नाही आणि बोट एकावर ठेवलं की शेजारचं उमटतं. तू फोन करायचीस, तो कानाला लावून सगळं ऐकायचा, आणि मुकाट्यानं तुझ्या आईच्या हातात द्यायचा. तुला वाटत असेल बाबांचं लक्ष नाही. लक्ष असायचं. फोन दिल्यावर तो तिथंच उभा राहायचा, तुझ्या आईचं बोलून होईपर्यंत.

मी गेले होते की सांगलीला. गुडघ्याला तेल लावून, मेढ्याहून सातारा, साताऱ्याहून पुढची गाडी. चार दिवस त्याच्यासमोर बसून एकटीच बोलले. हा लहानपणी एवढी बडबड करायचा की आई मला चिंच द्यायची, त्याच्या तोंडात घाल म्हणून. आणि आता समोर खुर्चीत बसून नुसता माझ्याकडं बघतोय, मग खिडकीकडं बघतोय. पाचव्या दिवशी मी परत आले ती मनात एकच घेऊन आले, की हा माणूस पुन्हा बोलता झाला पाहिजे. कसा, ते मला ठाऊक नव्हतं.

वाट त्यानंच काढली.

त्याची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या संगणक विभागात गेली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र नाही की काही नाही. निवृत्त झाल्यावरसुद्धा त्यानं घरात तसलंच एक यंत्र मांडलं, तुझ्या आईनं त्याला क्रोशाचं झाकण विणलं. रंगीत पडद्याच्या संगणकाला तो आजही टीव्ही म्हणतो. तर एके दिवशी तुझ्या आईनं माझ्या सुनेच्या मोबाइलवर एका कागदाचा फोटो पाठवला. धाकट्याच्या हातचा कागद, कारखान्याच्या वळणाचा, आकडे घालून बारा कलमं, आणि वर लिहिलेलं, "आक्कासाठी. टर्मिनलची जोडणी."

सून शाळेत शिकवते, तिला या गोष्टी उमजतात. तिनं फोटो मोठा करून वाचला.

"आई, मामांनी त्यांच्या यंत्रात तुमच्यासाठी एक खोली काढलीय. आपल्या जुन्या लॅपटॉपवरून त्या खोलीत जाऊन बसायचं. तुमी हितं लिवाल ते तिथं उमटंल, ते तिथं लिवतील ते हितं."

"ते मोबाइलवर होत न्हाई व्हय?"

"होतं की. पण मामांना ते नगो, हे पायजे."

"मग हेच करू," मी म्हणाले. ज्या माणसानं दोन महिन्यांत कुणाकडं काही मागितलं नाही, त्यानं बारा कलमं लिहून मागितलं होतं.

सुनेनं एक बारकासा प्रोग्राम लॅपटॉपात उतरवून घेतला. चिन्ह काय, तर दोन संगणक आणि त्यांच्या मधे वीज पडल्यासारखी रेघ. उघडला की एक खिडकी येते आणि पत्ता विचारते. पत्ता म्हणजे गल्ली, पेठ असलं काही नाही, नुसते आकडे आणि मधे मधे टिंबं. त्याच्या शेजारी दार कितवं ते लिहायचं. कागदावर बावीस होतं.

"माझ्या भावाच्या घराला दोनच दारं हायती," मी म्हणाले. "एक पुढचं, एक न्हाणीकडचं."

"हे यंत्राचं दार हाय, आई."

"बावीस दारं? मग झाडलोट कोण करतं?"

सून पुढचं कलम वाचायला लागली. शाळेत सवय असते त्यांना.

बटण दाबल्यावर पडद्यावर एक पाटीएवढा मजकूर आला. सुनेनं वाचून सांगितलं, की हे यंत्र म्हणतंय, समोरचं यंत्र माझ्या ओळखीचं नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू का? मला राग आला. माझ्या भावाच्या दारात उभी राहून मीच त्याच्या खरेपणाची हमी देऊ म्हणतं. "हो म्हण आणि चल आत," मी म्हणाले. पण धाकट्याचं सातवं कलम होतं, की खाली दिलेली ओळ आणि पडद्यावरची ओळ अक्षर न् अक्षर जुळवून बघायची, मगच हो म्हणायचं. ओळ कसली, कोंबडी चालून गेल्यासारखी अक्षरं आणि आकडे, पुढंमागं अर्थ नाही. सून वाचायची, मी कागदावर बोट ठेवून "हाय" म्हणायची. अर्ध्यात म्हैस ओरडली, मी उठले, परत आले तर बोट कुठं होतं ते आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जुळली. कारखान्यात तो असाच होता म्हणे, दोनदा तपासल्याशिवाय एक कागद पुढं जाऊ द्यायचा नाही.

आता खरी माझी परीक्षा. आत जायला नाव लिहायचं, आक्का, इंग्रजी अक्षरांत. तुला माहीत नसेल, मी शाळेत चौथीपर्यंत, आणि इंग्रजी शिकले ती शाळेत नाहीच. माझे मालक फौजेत. त्यांना पत्र पाठवायचं तर पाकिटावर पत्ता इंग्रजीत लागायचा. पोस्टमन एकदा लिहून देईल, दोनदा देईल. मग मी त्यांच्याच एका पाकिटावरनं अक्षरं गिरवून घेतली. फौजेत पत्ता मोठ्या अक्षरांत लिहितात, म्हणून मला मोठीच अक्षरं आली. बारकी अक्षरं कधी लागलीच नाहीत. लॅपटॉपच्या बटणांवरही मोठीच अक्षरं असतात, तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या गावचंच निघालं. पण बटण दाबलं की पडद्यावर बारकं अक्षर उमटायचं आणि मला ते ओळखू यायचं नाही. मग मी एक बटण शोधून काढलं, ते दाबलं की सगळी मोठी येतात. नाव लिहिलं, छान ठसठशीत. यंत्र म्हणालं, प्रवेश नाही.

तीनदा म्हणालं. चौथ्यांदा सुनेच्या लक्षात आलं. "आई, मामांच्या यंत्रात बारकी आक्का हाय, तुमी मोठी लिवताय. त्याला ह्या दोघी वेगळ्या वाटतात."

मग तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक तक्ता करून दिला. मोठं अक्षर आणि शेजारी त्याचं बारकं, आई आणि लेक शेजारी उभ्या केल्यासारख्या. काही लेकी आईवर गेलेल्या, बघता क्षणी ओळखाव्यात. काही मात्र कुणावर गेल्या देव जाणे. तो तक्ता मी चुलीपाशी लावला आणि दोन दिवस भाकरी थापताना तोंडपाठ केला. बहात्तराव्या वर्षी.

त्यानंतर परवलीचा शब्द. तो मी तुला सांगणार नाही. आमच्या लहानपणी घरात एक मारकी म्हैस होती, तिचं नाव, एवढंच सांगते. हा शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. मी अक्षर दाबते आणि अक्षर जिथं उमटायचं तिथला बारका चौकोन जागच्या जागी लुकलुकतो. मला वाटलं, बटणं बिघडली, म्हणून प्रत्येक बटण दोनदा दाबलं. पुन्हा प्रवेश नाही. सून म्हणाली, "दिसत नसलं तरी त्याला कळतंय, तुमी फकस्त एकदाच दाबा." मी डोळे मिटून म्हशीचं नाव घातलं. आणि आत गेले.

आत काय, काळाभोर अंधार आणि एक ओळ. मग ती ओळ हलली, आणि सून म्हणाली, "मामा हाक मारतायत. ओ द्या." तिनं दाखवलं ते मी दाबलं, तसा पडदा मधोमध दुभागला. वरचा भाग माझा, खालचा त्याचा, मधे एक आडवी रेघ, वाटणीच्या बांधासारखी. खालच्या भागात एकेक अक्षर उमटायला लागलं. आम्ही मराठीच लिहितो, अक्षरं इंग्रजी. इथं मी ते तुझ्यासाठी नीट करून लिहिते.

"आक्का, आलीस का?"

दोन महिन्यांनी. मी "आले" लिहायला किती वेळ लावला विचारू नकोस. सून म्हणाली, आई, चष्मा पुसा. पुसला.

"एवढं लिहिलंस तोवर इकडं चहा होऊन कप विसळून झाला," त्यानं लिहिलं.

"गप बस," मी लिहिलं. बोटाला जे सवयीचं होतं ते गेलं. मग माझं मलाच कसंतरी झालं. काय लिहून बसले मी, आणि कुणाला. मी खालच्या भागाकडं बघत बसले. मग उमटलं.

"दोन महिने तेच करतोय. आता ते सोडून दुसरं सांग."

मी एकटीच मोठ्यानं हसले. गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून बघितलं असेल.

मग रोज चार वाजता. चहा झाला की लॅपटॉप मागच्या पडवीत न्यायचा, तिथंच मोबाइलला रेंज येते, मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्यायचं, आणि आत जायचं. तो हाक मारायचा, मी ओ द्यायची. त्याची दहाही बोटं चालतात, माझं एक. मी लिहिलेलं अक्षर चुकून पुसलं तरी त्याला तिकडं दिसतं, त्यामुळं लपवाछपवी काही नाही. तिकडं हळद शिजायला लागली, वासानं गल्ली भरली, पेपरात काय आलं, शेजारच्यांनी गच्ची कशी चुकीची बांधली. सगळं लिहायचा. पण माझ्याशीच. चार ते पाच. पाच वाजले की यंत्रावर क्रोशाचं झाकण, आणि तोंडावर पुन्हा तेच कुलूप. तुझी आई फोनवर म्हणायची, "आक्का, तुमच्याशी तरी बोलतात, तेवढं लय झालं." तेवढं लय झालं म्हणताना तिचा आवाज लय झाल्यासारखा नव्हता.

पाच वाजता मी म्हशीकडं जायची, तेव्हा लॅपटॉप बंद करायचं काम सून करायची. काहीतरी लिहून मगच झाकण लावायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "एक्झिट लिवायचं असतं आई, मगच बंद करायचं."

"म्हंजी काय?"

"म्हंजी बाहेर जा. जाते, म्हणून सांगायचं त्याला."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं सुनेला साताऱ्याला प्रशिक्षण लागलं, आठवडाभर तिथंच राहायचं. जाताना मला सगळं दोनदा करून दाखवलं. पहिल्या दिवशी मी एकटीनं जोडणी केली, म्हशीचं नावसुद्धा पहिल्या फटक्यात लागलं. धाकट्याला कौतुक वाटलं. त्या दिवशी त्यानं लिहिलं की तुझ्या आईच्या आमटीत हल्ली मीठ जास्त पडतं आणि सांगायची सोय नाही. मी लिहिलं, मी सांगते. पाच वाजता "येते" लिहिलं, त्यानं "ये" लिहिलं, बांध मोडला, आणि पडद्यावर तो लुकलुकता चौकोन तेवढा राहिला. आता एक्झिट लिहायचं होतं.

बोट बटणावर ठेवलं आणि थांबले. तूच सांग, माहेरच्या उंबऱ्यातनं पाय काढताना आजवर कधी "जाते" म्हटलंय का आपण? आई असती तर पिठाचे हात घेऊन मागं धावली असती, "येते म्हण आधी" म्हणून. आणि आत्ता कुठलं घर, तर जिथनं माणूस नुकताच जाता जाता राहिलाय. त्या घरात मी तो शब्द लिहू? मी सरळ झाकण लावलं. हळूच लावलं, आवाज न करता. इथंच सगळं चुकलं, पण हे कळायला पुढचे दिवस जायचे होते.

संध्याकाळी तुझ्या आईला फोन करून मिठाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चारला आत जाऊन बसले, तर हाक नाही. साडेचार झाले, पाच झाले. मला वाटलं, मिठाचं लगेच सांगितलं म्हणून रुसला. झाकण लावलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी दोन तास बसले. मी हाक कशी मारायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगू, शिकवलं असतं तरी मारली नसती. मी थोरली. मिठावरनं रुसतो म्हणजे काय. पाचव्या दिवशी बसले ती स्वेटर विणत बसले, म्हणजे वाट बघतेय असं वाटायला नको. तिथं बघणारं कोण होतं, म्हैस. रोज उठताना झाकण तेवढं हळूच लावायचं, ते काही चुकवलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तुझ्या आईचा फोन.

"आवं आक्का, ह्यांच्याशी तुमचं काय बिनसलंय का? रोज चारला यंत्रापाशी बसतात आणि तोंड पाडून उठतात. काल तर पडद्यावर टॉवेल टाकला. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली."

"मीठ जास्त पडलं असंल."

"आता कमीच घालतीया मी. तुमीच सांगितलं न्हवं."

"त्याला बोलव. आणि फोन मोठ्यानं लाव."

खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मी सुरू केलं. "काय रं, चार दिवस मी हितं डोळं लावून बसतीया, आणि तू एक हाक मारत न्हाईस?"

तिकडं काही नाही. "काय करतोय?" मी विचारलं.

"मान हलवतायत," तुझी आई म्हणाली.

"उभी का आडवी?"

"आडवी. लय जोरात."

"म्हंजी मारली म्हणतोय?"

"आता उभी."

"मला एकबी आली न्हाई."

"आक्का, आता दोन्हीकडं हलवायला लागलेत, मला काय कळंना."

"त्याला म्हणावं, थोरल्या भणीला खोटं पाडताना लाज वाटू दे जरा. मिठाचा राग माझ्यावर काढतोस व्हय?"

धप्पदिशी काहीतरी वाजलं. "कुठं निघालासा?" असं तुझी आई म्हणताना ऐकू आलं. मग पत्र्याचा डबा खुळखुळला. मी दोनदा "हॅलो" म्हणाले.

"आक्का, थांबा," तुझी आई अगदी बारीक आवाजात म्हणाली. "कपाटावरची पाटी काढलीय. लिवतायत."

मी थांबले. पेन्सिलीचा आवाज फोनमधनं येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"काय लिवलंय?"

"'रोज चारला हाक मारली. तू ओ दिली न्हाईस. माझा कंटाळा आला तर तसं सांग. खोटं बोलू नको.'"

तुझ्या आईनं हे वाचलं ते पोथी वाचावी तसं, प्रत्येक शब्द वेगळा, "खोटं बोलू नको" सुद्धा. आणि मला मात्र तो कंटाळ्याचा शब्द लागला. चार दिवस हा काय समजून बसला होता बघ. की आक्काही गेली.

"कंटाळा?" मी म्हणाले. "कंटाळा आला असता तर बारकी अक्षरं कशाला शिकले असते रं, चुलीपाशी बसून?"

मग तो लिहीतच सुटला. तुझी आई वाचायची, मी इकडनं उत्तर द्यायची, तो पुसायचा आणि पुन्हा लिहायचा. कशानं पुसतोय विचारलं तर म्हणाली, शर्टाच्या बाहीनं, आणि तो शर्ट कालच इस्त्री केलाय. एकदा तीच मधे म्हणाली, "आवं, एवढं घाईत लिवू नका, मला वाचता येईना," आणि त्यावर त्यानं जे लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं नाही. नुसती "व्हय का, बरं" म्हणाली. ते तिला लिहिलेलं होतं. ऑपरेशन झाल्यापासनं पहिल्यांदा.

मग तो उठून यंत्राकडं गेला, टॉवेल काढला. बटणं वाजली. मग पाटी.

"'पाच आक्का बसल्यात,'" तुझ्या आईनं वाचलं.

"कुठं?"

"ह्यांच्या यंत्रात. आत कोण कोण बसलंय त्याची यादी असती म्हणं. त्यात तुमचं नाव पाच येळा हाय."

झालं होतं ते असं. मी झाकण लावून उठले तरी त्याच्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं की ही उठली. त्याच्या लेखी पहिल्या दिवशीची आक्का अजून बसलेलीच. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आत गेले, तर त्यानं मला नवी आक्का धरली आणि रांगेत मागं बसवलं. आणि धाकट्यानं हाक अशी बांधून ठेवलेली, की यादीत जी पहिली आक्का दिसेल तिला ती जावी. तो रोज त्या उठून गेलेल्या आक्काला हाका मारत होता, आणि खरी मी रांगेच्या शेवटी बसून स्वेटर विणत होते. यादी उघडून बघायला त्याला क्षणभर लागला असता. पण रुसलेला माणूस यादी बघत नाही.

"'उठताना एक्झिट का लिहीत न्हाईस? कलम अकरा,'" पाटी म्हणाली.

मी म्हणाले, "भावाच्या घरातनं उठताना जाते म्हणू व्हय मी? आता, ह्या दिवसांत?"

तिकडं काहीच आवाज नाही. पेन्सिलीचाही नाही.

"मान कशी हलतीया?" मी विचारलं.

"मान न्हाई," तुझी आई म्हणाली. "खांदं हलतायत. आक्का, हसतायत ओ हे."

त्यानं उठून गेलेल्या पाचही आक्का यादीतनं काढून टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी चारला आत गेले तर लगेच हाक. त्यानं लिहिलं, तुझ्यासाठी नवी आज्ञा केलीय, उठताना आपलं नेहमीचं लिही. पाचला मी "येते" लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली, "ये गं आक्का." माझं वाचून होईपर्यंत ती थांबली आणि मग खिडकी आपणहून मिटली. सून प्रशिक्षणाहून आल्यावर तिला दाखवलं. ती म्हणाली, साताऱ्यात एवढे दिवस शिकवलं, त्यात हे नव्हतं.

आणि पाटी कपाटावर परत गेली नाही. एकदा भांडणासाठी खाली आली ती राहिलीच. आता मीठ तो स्वतःच सांगतो. दूधवाल्याला लिहितो, शेजाऱ्याला गच्चीचं लिहितो, पेन्सिली खातो का काय असं तुझी आई म्हणते. अक्षर घाईचं, बाही कायम पांढरी.

राहिलीस तू. परवा त्यानं पडद्यावर लिहिलं, "पोरीचा फोन आला की पाटी हातात असून उपयोग नाही. ती बोलते, मी नुसता धरून बसतो. तिला वाटत असेल बापाकडं सांगायला काही नाही." मग खालच्या ओळीत, "तिच्या नावाची खोली काढून ठेवलीय. तिला सांगू नको, कामात असते."

मी सांगतेय. ती जोडणी तुला जमेल, कामाच्या निमित्तानं तू असलं रोजच करत असशील. तरीपण आधी पडद्यावर भेटू नकोस त्याला. तो पाटीवर लिहितो तेव्हा समोर बसून बघायला हवं. लिहिताना ओठ हलतात. लिहून झालं की पाटी आपल्याकडं वळवतो आणि आपण वाचेपर्यंत तोंडाकडं बघत राहतो, हसतोय का रागावतोय ते. ते त्या काळ्या पडद्यात येत नाही, आणि तुझ्या आईनं फोनवर वाचून दाखवण्यातही येत नाही. तेव्हा सुट्टीबिट्टीचा हिशोब करत बसू नकोस. येत्या शनिवारची गाडी बघ, सांगलीला उतर, त्याच्यासमोर दोन दिवस बस, आणि मग दोघं मिळून मेढ्याला या. तो कुठंच बाहेर पडत नाही हल्ली, तू म्हणालीस तर निघेल. मी पडवीत दोन खाटा टाकून ठेवते. लवकर ये गं.